द्राक्षबियांचा अर्क आणि आरोग्य

द्राक्षाचा मणी खाताना बी दाताखाली फुटली, की जीभ आकसते व तोंडात तुरट चव पसरते. म्हणून खाणारा बी थुंकून टाकतो, आणि बागाईतदारही बिनबियांच्या वाणांची लागवड पसंत करतो. परंतु ज्या तुरटपणामुळे बी टाकून दिली जाते, त्याच तुरट द्रव्यांचा अर्क काढून तो कॅप्सूलच्या रूपाने जगभर विकला जात आहे. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, सांधेदुखी, इतकेच नव्हे तर कर्करोग यांवरही हा अर्क गुणकारी असल्याचे विक्रेते सांगतात. अशा बाटल्या आता तालुक्याच्या बाजारपेठेतून खेड्यापर्यंत येऊ लागल्या आहेत. त्यामुळे गावपातळीवरील कार्यकर्त्याला दोन प्रश्न विचारले जाण्याचा संभव आहे. हा अर्क घ्यावा काय, हा पहिला प्रश्न. आणि आमच्या बागेतील द्राक्षांच्या बियांना काही मोल येईल काय, हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आजवरच्या संशोधनाच्या आधारे पुढे दिली आहेत.

बियांत काय असते?

द्राक्षाच्या एका मण्यात सामान्यतः दोन ते चार बिया असतात. त्यांचे वजन मण्याच्या वजनाच्या सुमारे 2 ते 5 टक्के भरते. बी लहान असली तरी तिच्यातील द्रव्यसंचय मोठा असतो. द्राक्षफळातून काढता येणाऱ्या एकूण पॉलिफिनॉल वर्गातील द्रव्यांपैकी 60 ते 70 टक्के द्रव्ये एकट्या बियांत असतात. उरलेली बहुतांशी सालीत असतात व गरात त्यांचे प्रमाण अत्यल्प असते. बियांत तेलही असते आणि ते लिनोलिक आम्लाने समृद्ध असते. तथापि तेल व अर्क या दोन भिन्न वस्तू आहेत. तेल हे बियांचा स्निग्ध अंश होय, तर अर्कात पाण्यात किंवा मद्यार्कात विरघळणारी तुरट द्रव्ये असतात. एकाचे गुण दुसऱ्यास लावणे चुकीचे ठरेल.

या तुरट द्रव्यांना रसायनशास्त्रात प्रोअँथोसायनिडिन असे म्हणतात. कॅटेचिन व एपिकॅटेचिन या लहान रेणूंच्या कड्या एकमेकींस जोडल्या जाऊन त्यांची साखळी तयार होते. हिरडा, बाभळीची साल, सुपारी, चहा यांतील तुरटपणाही याच प्रकारच्या किंवा याच्याशी संबंधित द्रव्यांमुळे येतो. ही द्रव्ये प्रथिनांना चिकटतात. जिभेवरील लाळेच्या प्रथिनांना ती चिकटली, म्हणजे तोंड कोरडे पडल्यासारखे वाटते. कातडी कमावण्यासाठी बाभळीच्या सालीचा उपयोग होतो, त्याच्या मुळाशीही हाच गुणधर्म आहे.

शेंगदाण्याच्या सालीपासून द्राक्षाच्या बीपर्यंत

या द्रव्यांचा औषधी अभ्यास द्राक्षापासून सुरू झाला नाही. तो शेंगदाण्यापासून सुरू झाला, ही गोष्ट आपल्याकडील शेतकऱ्यांना कौतुकाची वाटेल. फ्रान्समधील बोर्दो येथील शास्त्रज्ञ झाक मास्केलिए हे शेंगदाण्यावरील तांबडी साल गुरांना अपायकारक आहे किंवा काय, याचा शोध घेत होते. त्या सालीतून त्यांनी एक रंगहीन द्रव्य वेगळे केले व 1948 मध्ये त्यावरील आपला प्रबंध सादर केला. सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती या द्रव्यामुळे बळकट होतात, असे त्यांना आढळले. पुढे त्यांनी हेच द्रव्य पाइन वृक्षाच्या सालीतून मिळविले आणि 1970 मध्ये द्राक्षाच्या बियांतून ते काढण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. बोर्दो हा मद्यनिर्मितीचा विख्यात प्रदेश असल्यामुळे तेथे रस काढल्यावर उरलेल्या बियांचे ढीग हाताशीच होते.

या विषयाकडे सर्वसामान्यांचे लक्ष वेधले ते 1992 नंतर. त्या वर्षी सेर्ज रनो व त्यांच्या सहकाऱ्याने एक निबंध प्रसिद्ध केला. फ्रेंच लोकांच्या आहारात लोणी व मांसातील स्निग्ध पदार्थ विपुल असूनही त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू तुलनेने कमी आहेत, याचे कारण द्राक्षमद्य असावे, असा त्यांचा तर्क होता. या तर्कावर पुढे पुष्कळ वाद झाला. आज जागतिक आरोग्य संघटना मद्यप्राशनाचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक मानीत नाही. मात्र मद्याशिवाय द्राक्षातील तुरट द्रव्येच तेवढी घेतली तर काय होईल, या प्रश्नाला तेव्हापासून चालना मिळाली.

अर्क कसा तयार करतात?

द्राक्षांचा रस काढल्यावर साल, बिया व देठ यांचा चोथा उरतो. तो द्राक्षांच्या वजनाच्या साधारणतः 20 ते 25 टक्के असतो. ताजा चोथा ओला असल्याने त्यावर लवकर बुरशी चढते. म्हणून तो तातडीने वाळवून, चाळून बिया वेगळ्या कराव्या लागतात. बिया भरडून त्यांतील द्रव्ये पाणी किंवा मद्यार्क यांच्या साहाय्याने विरघळवून घेतात. नंतर गाळणे, आटविणे व वाळविणे या क्रिया करून तांबूस तपकिरी रंगाची पूड मिळते. हीच पूड कॅप्सूलमध्ये भरतात. बाजारातील कॅप्सूलमध्ये बहुधा 100 ते 300 मिलिग्रॅम अर्क असतो.

तांबड्या मद्याच्या निर्मितीत रस सालींसह व बियांसह आंबविला जातो. त्यामुळे बियांतील काही तुरट द्रव्ये मद्यात उतरतात. पांढऱ्या मद्यासाठी मात्र रस आधीच वेगळा काढतात, म्हणून त्या चोथ्यातील बियांत ही द्रव्ये अधिक शिल्लक राहतात. एकाच गावातील दोन चोथ्यांचे मोल भिन्न का असू शकते, हे यावरून समजेल.

काचेच्या नळीतील पुरावा व माणसातील पुरावा

संशोधनाचे निष्कर्ष ऐकताना प्रयोग कोणावर झाला, हे प्रथम पाहावे. प्रयोगशाळेत हा अर्क ऑक्सिडीकरण रोखणारा म्हणून प्रभावी ठरला आहे. रक्तवाहिनीच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हे द्रव्य अधिक स्रवते व वाहिनी सैल पडते, असेही दिसून आले आहे. काचेच्या नळीत वाढविलेल्या कर्करोगाच्या पेशींची वाढ अर्काने मंदावल्याचे निष्कर्षही उपलब्ध आहेत. 2021 मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी या अर्कातील प्रोसायनिडिन सी-1 हा घटक म्हाताऱ्या उंदरांना दिला, तेव्हा त्यांचे एकूण आयुर्मान सुमारे 9 टक्क्यांनी वाढलेले आढळले.

हे सर्व निष्कर्ष महत्त्वाचे आहेत; पण माणसाला ते जसेच्या तसे लागू पडत नाहीत. नळीतील पेशींना अर्काचा थेट स्पर्श होतो. माणसाने गिळलेल्या अर्कातील लांब साखळ्यांचे रेणू मात्र आतड्यातून सहसा शोषले जात नाहीत. ते मोठ्या आतड्यापर्यंत जातात व तेथील सूक्ष्म जंतू त्यांचे तुकडे करतात. रक्तात पोहोचतात ते बव्हंशी हे तुकडे व थोडे लहान रेणू. एखादे कीटकनाशक कुंडीतील रोपावर प्रभावी ठरले, म्हणून त्याची शिफारस संपूर्ण तालुक्याला कोणी करीत नाही. आधी शेतावर चाचणी घ्यावी लागते, आणि शेजारी फवारणी न केलेला वाफाही ठेवावा लागतो. माणसावरील औषधाच्या चाचणीतही असेच करतात. काहींना अर्क व काहींना तशीच दिसणारी निःसत्त्व गोळी देतात, आणि कोणाला काय मिळाले हे घेणाऱ्यास व तपासणाऱ्यास कळू देत नाहीत. अशा चाचण्यांचा पुरावाच ग्राह्य मानावा.

रक्तदाबावरील परिणाम

माणसावरील चाचण्यांपैकी रक्तदाबाविषयीच्या चाचण्या सर्वांत अधिक आहेत. 2011 मध्ये 9 चाचण्यांचा व त्यांतील 390 व्यक्तींचा एकत्रित आढावा घेण्यात आला. वरचा रक्तदाब सरासरी दीड मिलिमीटरने व नाडीचे ठोके मिनिटाला सुमारे दीडने कमी झाल्याचे दिसले. रक्तातील चरबीवर मात्र स्पष्ट परिणाम आढळला नाही. 2016 मध्ये 16 चाचण्या व 810 व्यक्ती यांचा दुसरा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात वरचा दाब सरासरी 6 व खालचा सुमारे 3 मिलिमीटरने उतरल्याचे आढळले. पन्नाशीच्या आतील, स्थूल किंवा चयापचयाचा विकार असलेल्या व्यक्तींत हा परिणाम अधिक होता.

दोन आढाव्यांतील हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे. परिणाम आहे, परंतु तो मर्यादित आहे आणि सर्वांमध्ये सारखा नाही. बहुतेक चाचण्या काही आठवड्यांच्याच होत्या, व त्यांतील व्यक्तींची संख्याही थोडी होती. अर्क घेतल्याने झटका किंवा पक्षाघात टळतो, हे त्यांवरून सिद्ध होत नाही. तुलनेसाठी एक गोष्ट सांगता येईल. रोजच्या आहारातील मीठ सुमारे चार ते साडेचार ग्रॅमने कमी केल्यास उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचा वरचा दाब सरासरी 5 मिलिमीटरने उतरतो, असे चाचण्यांच्या आढाव्यात दिसून आले आहे. लोणचे, पापड, खारवलेले पदार्थ व ताटातील वरचे मीठ कमी करण्यास दमडीही खर्च येत नाही.

अन्य विकार

मधुमेहाच्या 32 रुग्णांवर झालेल्या व 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रोज 600 मिलिग्रॅम अर्क चार आठवडे देण्यात आला. रक्तातील काही निर्देशक सुधारले, परंतु रक्तवाहिन्यांच्या कार्यात फरक पडला नाही. एवढ्या लहान चाचणीवरून मधुमेहाचे औषध म्हणून अर्काची शिफारस करता येत नाही. पायांच्या शिरा फुगण्याच्या व सूज येण्याच्या विकारावर फ्रान्समध्ये या अर्काचे औषध दीर्घकाळ वापरण्यात आले. परंतु त्याविषयीच्या पुष्कळशा चाचण्या जुन्या व लहान आहेत.

कर्करोगाविषयी विशेष सावधगिरी आवश्यक आहे. अमेरिकेतील सुमारे 35 हजार पुरुषांच्या पाहणीत द्राक्षबियांचा अर्क घेणाऱ्यांत प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग 41 टक्क्यांनी कमी आढळल्याचे 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु ही पाहणी होती, चाचणी नव्हे. जे लोक अशी पूरके विकत घेतात, ते बहुधा आरोग्याची अन्य काळजीही अधिक घेतात. त्यामुळे श्रेय कोणाचे, हे अशा पाहणीवरून ठरविता येत नाही. याउलट, स्तनाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेतल्यावर स्तनाचा भाग कठीण झालेल्या 66 स्त्रियांवर रीतसर चाचणी झाली. त्यांपैकी काहींना सहा महिने अर्क देण्यात आला, तथापि निःसत्त्व गोळी घेणाऱ्यांपेक्षा त्यांना अधिक लाभ झाला नाही. हा निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाला.

आयुर्वेदात द्राक्षाला मानाचे स्थान आहे, हे सांगून काही विक्रेते अर्काची भलामण करतात. परंतु मनुका किंवा द्राक्षासव आणि बियांपासून यंत्राने काढलेला अर्क या एकच वस्तू नव्हेत. एकाचा लौकिक दुसऱ्याला जोडणे योग्य नाही.

अपाय व सावधगिरी

निरोगी माणसाला हा अर्क सामान्यतः सोसतो. काही महिन्यांपर्यंतच्या चाचण्यांत गंभीर अपाय आढळलेले नाहीत. परंतु पुढील बाबतींत जपले पाहिजे.

पहिली बाब रक्तस्रावाची. अर्कामुळे रक्त गोठण्याच्या क्रियेत अडथळा येण्याचा संभव असतो. म्हणून ज्यांना रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉर्फरिन किंवा अॅस्पिरिन चालू आहे, ज्यांना रक्तस्रावाचा विकार आहे, किंवा ज्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याविना तो घेऊ नये. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनीही तो टाळावा.

दुसरी बाब मिश्रणाची. ऑस्ट्रेलियात उच्च रक्तदाबाच्या 69 रुग्णांवर चाचणी होऊन तिचा निष्कर्ष 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. रोज 500 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व व 1,000 मिलिग्रॅम द्राक्षबियांची पॉलिफिनॉल द्रव्ये एकत्र घेणाऱ्यांचा रक्तदाब उतरण्याऐवजी चढला. वरचा दाब सुमारे 5 मिलिमीटरने वाढला. दोन चांगल्या म्हटल्या जाणाऱ्या वस्तू एकत्र केल्या म्हणजे दुप्पट गुण येतो, हा समज किती फसवा आहे, याचे हे उदाहरण होय.

तिसरी बाब आपल्या ग्रामीण कुटुंबांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. तुरट द्रव्ये अन्नातील लोहाला जखडून ठेवतात व धान्य, कडधान्य आणि पालेभाज्या यांतील लोह शरीरात शोषले जाण्यास अडथळा करतात. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, असे सांगतात ते याच कारणास्तव. आतड्याच्या पेशींवरील प्रयोगात द्राक्षबियांच्या अर्कानेही लोहाचे शोषण रोखल्याचे दिसून आले आहे. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. अशा स्त्रीने लोहाच्या गोळ्यांबरोबर ताकदीची म्हणून ही कॅप्सूल घेतली, तर लोहाच्या गोळीचा गुण कमी होण्याची भीती आहे.

भेसळीचा धोका

अर्क महाग व त्याची पूड ओळखण्यास कठीण, म्हणून भेसळीला वाव राहतो. अमेरिकेत बाजारातील 21 नमुन्यांची तपासणी होऊन तिचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. 9 नमुने भेसळीचे निघाले. त्यांपैकी 6 नमुन्यांत द्राक्षबियांचा अर्क मुळीच आढळला नाही. त्यांत मुख्यतः शेंगदाण्याच्या सालीचा अर्क होता! मास्केलिए यांनी ज्या सालीपासून संशोधनास आरंभ केला, तीच स्वस्त साल अशा रीतीने भेसळीचे साधन बनली. द्राक्षबियांतील साखळीच्या कड्या एकेका दुव्याने जोडलेल्या असतात, तर शेंगदाण्याच्या सालीतील पुष्कळ कड्यांना दुसराही दुवा असतो. या भेदावरून शास्त्रज्ञांनी लबाडी पकडली. ज्यांना शेंगदाणा सोसत नाही, त्यांच्या जिवावर अशी भेसळ बेतू शकते. केवळ डोळ्यांनी किंवा चवीने मात्र ती ओळखता येत नाही.

बागाईतदाराने काय समजावे?

महाराष्ट्रात नाशिक, सांगली, सोलापूर आदी जिल्ह्यांत द्राक्षाची मोठी लागवड आहे. परंतु थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश, सोनाका, शरद सीडलेस हे येथील प्रमुख वाण बिनबियांचे आहेत. या वाणांत फलधारणेनंतर बी धरू लागते, पण तिची वाढ खुंटून तिचा केवळ मऊ अवशेष राहतो. म्हणून खाण्याच्या द्राक्षांपासून किंवा बेदाण्यापासून अर्कासाठी बिया मिळण्याची आशा धरू नये.

बिया मिळतात त्या मद्यासाठी व रसासाठी लावलेल्या वाणांपासून. कॅबर्ने सोव्हिन्यॉ, शिराझ, शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यॉ ब्लाँ हे मद्याचे वाण नाशिक परिसरात लावले जातात. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने रसासाठी मांजरी मेडिका हा गडद रंगाचा वाण विकसित केला आहे. पण या वाणांच्याही एका टन द्राक्षांतून बिया निघतात त्या अवघ्या 20 ते 50 किलो. अर्क काढण्यास यंत्रे, मद्यार्क, शुद्धतेची तपासणी व परवाने लागतात. एकट्या शेतकऱ्याने घरी करण्याजोगा हा धंदा नव्हे. बिया वाळवून कारखान्यास पुरविण्याचा विचार एखाद्या सहकारी संस्थेने किंवा उत्पादक गटाने करावयाचा असल्यास त्यांनी खरेदीदाराचा लेखी करार आधी करावा व भांडवल नंतर गुंतवावे. फवारणीनंतरचा काढणीपूर्व कालावधी काटेकोरपणे पाळणेही अगत्याचे आहे. नाहीतर औषधांचे अवशेष चोथ्याबरोबर अर्कातही उतरण्याचा धोका राहतो.

बिया विकल्या न गेल्या तरी चोथा वाया घालवू नये. त्याचे शेणाबरोबर थर देऊन चांगले कंपोस्ट होते. जनावरांस तो द्यावयाचा झाल्यास बेताने द्यावा, कारण त्यातील तुरट द्रव्ये चाऱ्यातील प्रथिनांना जखडतात व पचन घटवितात. बुरशी आलेला चोथा मुळीच घालू नये.

कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी गावकऱ्यांस समजावून द्याव्यात

1. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची चालू असलेली गोळी या अर्काच्या भरवशावर कोणीही बंद करू नये. अर्काने दाब थोडा उतरेलही, पण बंद केलेल्या गोळीची उणीव तो भरून काढू शकत नाही.

2. ज्याला अर्क घ्यावयाचाच आहे, त्याने चालू औषधांची नावे डॉक्टरांना सांगून त्यांचा सल्ला घ्यावा.

3. अशी पूरके देशात अन्न म्हणून विकली जातात, औषध म्हणून नव्हे. त्यांसाठी स्वतंत्र नियम लागू आहेत. बाटलीवर अन्न परवान्याचा क्रमांक, घटक, प्रमाण व मुदत पाहावी. औषधी उपयोगासाठी नाही, अशी सूचना वेष्टनावर असावी लागते. तीही वाचून दाखवावी.

4. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा कर्करोग बरा करण्याची हमी देणारी जाहिरात 1954 च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाविरुद्ध आहे. असा प्रचार गावात होत असल्यास अन्न व औषध प्रशासनास कळवावे.

5. रक्त कमी असलेल्या स्त्रियांना लोहाच्या गोळ्या नियमित घेण्यास सांगावे व त्यांबरोबर चहा किंवा असे अर्क घेऊ देऊ नयेत.

सारांश, द्राक्षाच्या बीत अभ्यासण्याजोगे द्रव्य आहे, याविषयी शंका नाही. रक्तदाबावर त्याचा थोडा इष्ट परिणाम होतो, असेही पुराव्यावरून दिसते. परंतु त्यापलीकडचे दावे अद्याप सिद्ध झालेले नाहीत. ज्या घरात महिन्याच्या औषधांसाठी पैसा जेमतेम जमतो, त्या घराने तो पैसा प्रथम डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांवर व मुलाबाळांच्या पोटातील भाजी, फळे, डाळ, दूध यांवर खर्च करावा. आपल्याच बागेतील घोस घरच्या माणसांनी खावा; त्याला ना वेष्टन लागते, ना जाहिरात.